पिंगला उत्तर नाही, पण मशीन आहे

प्रश्न: गोखले रोडवर आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर. परवा वीज जाऊन आली तेव्हापासून 'नेटवर्क' उघडलं की दोनच कॉम्प्युटर दिसतात, प्रिंटर तर गायबच. भाचा म्हणाला, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'नेट व्ह्यू' दे. दिली, तर एरर ६११८. आता?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, भाच्याची खिडकी बरोबर आहे, कमांड जुनी. 'नेट व्ह्यू' ज्या एसएमबी-१ वर (फायली-प्रिंटर वाटून घ्यायच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीवर) चालायची, ते २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये सहसा चालू नसतं.

आधी 'आयपीकॉन्फिग' द्या, त्यात तुमच्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. तुमचा पत्ता समजा १९२.१६८.१.७ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आला, तर बाकीची मंडळीही १९२.१६८.१ मध्येच आहेत. शेवटचा आकडा १ ते २५४ मधला कुठलाही.

आता 'पिंग' (म्हणजे 'आहेस का?' असं विचारणं) आणि पुढे एकेक पत्ता. इथे लोक फसतात. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं की मशीन बंद आहे असं ठरवून मोकळे होतात. पण बऱ्याचदा विंडोजचा फायरवॉल, म्हणजे दारावरचा राखणदार, पिंगला उत्तर देऊ देत नाही, मशीन मात्र चालूच असतं. उलट 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं, तर त्या ओळीत सुरुवातीला पत्ता कुणाचा आहे बघा. तुमचाच असेल! म्हणजे तुमचंच मशीन सांगतंय की हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

ही हाक म्हणजे एआरपी. पिंग निघण्याआधी तुमचं मशीन सगळ्यांना विचारतं, "हा पत्ता कुणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कसाठीचा यंत्राचा स्वतःचा क्रमांक, कळवतो. पिंगला दार बंद करणारा फायरवॉलही या हाकेला सहसा आडवा येत नाही. म्हणून पिंग झाल्या झाल्या 'एआरपी', एक जागा सोडून 'डॅश ए' द्या. जे पिंगला बोलले नाहीत, तेही त्या यादीत 'डायनॅमिक' म्हणून बसलेले दिसतील. शेवटी २५५ असलेली 'स्टॅटिक' ओळ सोडून द्या, ते मशीन नव्हे.

२५४ वेळा पिंग करायचा कंटाळा येणारच. एनमॅप हे नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला 'डॅश एसएन' आणि १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ मधले सगळे पत्ते) द्या, एका दमात सगळी हजेरी. फक्त आपल्याच ऑफिसात हं, सोसायटीच्या वायफायवर नको.

मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बहुतेक वेळा कंपनी कळते. तुमचा प्रिंटर तसाच ओळखा. वीज गेल्यावर राउटरनं त्याला नवा पत्ता दिला असणार. राउटरमध्ये त्या मॅकसाठी एक पत्ता राखून ठेवा.

यादीत एखादा पाहुणा जास्त दिसला तर घाबरू नका. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी असाच एक अनोळखी पत्ता दाखवला आणि मालक दिवसभर चोर शोधत राहिले. दारावरचं हजेरीचं मशीन होतं ते.