स्वार्थापोटी माणूस दुसऱ्यांसाठी, पुढच्या पिढ्यांसाठी त्याग करू शकतो का?

करू शकतो, पण एका हद्दीपर्यंत.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच घ्या. बागलाणात मोसम नदीवरची पाणी वाटून घेण्याची फड पद्धत शतकानुशतकं चालत आलेली आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटायची, एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एकच पीक घ्यायचं आणि पाणी स्वतः फोडायचं नाही, ते पाटाचं पाणी सांभाळणारा पाटकरीच देणार. टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. यात कोणी संत नव्हतं. आज मी खालच्याचं पाणी तोडलं तर उद्या वरचा माझं तोडेल, एवढाच हिशोब. सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या पाटकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, असो.

घोडं अडतं ते पुढच्या पिढ्यांपाशी. नातवापर्यंत ठीक, रक्ताच्या नात्यासाठी केलेला त्याग जनुकांच्या फायद्याचा ठरू शकतो, हे जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये गणितानं मांडलं. पण दीडशे वर्षांनी दिंडोरीत राहणारा अनोळखी माणूस मला काय परत देणार? द्राक्षबागेसाठी बोअर आणखी खोल नेताना त्याचा विचार कोण करतो? तिथं एकतर मेल्यावर नाव राहावं ही हाव कामाला येते (तिलाही स्वार्थ म्हणा हवं तर), नाहीतर कायदा लागतो. राज्याच्या भूजल कायद्यानं शेतीच्या विहिरींना 60 मीटरची मर्यादा घातली आहे. ती किती पाळली जाते, हे बोअरच्या गाडीवाल्याला विचारा.