आईला वेट मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी गळक्या रक्तवाहिन्या वाढण्याचा आजार) आहे. पुण्यात डोळ्यातला द्रव तपासून इंजेक्शन ठरवतात का?

नाही, रोजच्या उपचारात तशी पद्धत अजून पुण्यातही नाही आणि बाहेरही नाही. मी इथे रेटिना ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर निर्णय घेतात तो नजर आणि ओसीटी स्कॅन (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र) बघून. पडद्याखाली साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. ते आटलं की इंजेक्शनांमधलं अंतर वाढवतात, पुन्हा दिसलं की कमी करतात. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या द्रवात व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन), इंटरल्यूकिन-६ (सुजेशी संबंधित प्रथिन) वगैरे मोजतात, पण ते संशोधनापुरतं. त्यासाठी डोळ्यात सुई घालून जेमतेम ०.१ मिली द्रव काढायचा, आणि अमुक पातळीला अमुक औषध असा सर्वमान्य आकडाच नाही! अपवाद एकच: इंजेक्शननंतर डोळा लाल होऊन दुखला, नजर अंधुक झाली, तर जंतुसंसर्गाच्या शंकेने द्रव तपासतात. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.