जुडग्यात आधी कात्री, मग पातं

तुम्ही लिहिलंय की अकरा कामांचं एक जाडजूड मल्टिटूल किल्ल्यांना लावलं, दोन महिन्यांत खिशाचं अस्तर फाटलं आणि एवढ्या दिवसांत त्यातली दोनच अवजारं उघडली. शहरात राहून रोज ऑफिसला ये-जा करणाऱ्याने जुडग्यात नेमकं काय ठेवावं, हा तुमचा प्रश्न. गेली पंधरा वर्षं मी माझ्या जुडग्यात वस्तू घालत-काढत आलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नवं काही घेण्याआधी पंधरा दिवस फोनमध्ये एक यादी ठेवा. ‘आत्ता हाताशी काही असतं तर बरं झालं असतं’ असं वाटेल तेव्हा तिथेच एक ओळ लिहा: काय अडलं, कुठे अडलं आणि शेवटी कशाने भागवलंत. दाताने, नखाने, नाण्याने की किल्लीने. माझी पहिली यादी अजून लक्षात आहे. पार्सलची चिकटपट्टी, बाहीचा लोंबणारा दोरा, नव्या शर्टाच्या लेबलाची प्लास्टिकची दोरी, न फाटणारं पाकीट, चष्म्याच्या दांडीचा ढिला स्क्रू, बोटात घुसलेली कुसळ, जिन्यातला दिवा गेल्यावर न सापडणारं कुलूप. हीच सहा-सात कामं फिरून फिरून येत होती. करवत, तार कापणं, आग पेटवणं यातलं एकही काम त्या यादीत नव्हतं, आणि माझ्या तेव्हाच्या जुडग्यात मात्र नेमकं तेच भरलेलं होतं. आपण खरेदी करतो ती कल्पनेतल्या संकटांसाठी, आणि रोज अडतो ते फुटकळ गोष्टींपाशी. जुडगा या फुटकळ गोष्टींसाठी बांधायचा.

वरची यादी पुन्हा वाचली तर दिसेल की निम्मी कामं कात्रीची आहेत. म्हणून माझं पहिलं मत असं की शहरातल्या माणसाला पात्यापेक्षा छोटी कात्री जास्त उपयोगी पडते. दोरा पात्याने कापायचा तर तो ताणून धरावा लागतो आणि कापड ओढलं जातं. कात्रीने तो मुळाशी कापता येतो. नखाचा तुटका कोपरा, जखमेवरची पट्टी, औषधाचं पाकीट ही सगळी कात्रीची कामं. शिवाय ऑफिसच्या बैठकीत कात्री काढली तर कुणी वळूनही बघत नाही. पातं उघडलं की शेजारचा माणूस सावध होतो, मग ते कितीही लहान असो. लोकांच्या गर्दीत राहणाऱ्याने हे मनावर घ्यायला हवं.

या कामासाठी मी वर्षानुवर्षं ज्याच्याकडे परत येतो तो व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा घडीचा छोटा चाकू, क्लासिक एसडी. लांबी ५८ मिलिमीटर, वजन वीस-बावीस ग्रॅम. त्यात कात्री, छोटं पातं, नखाची कानस, कानशीच्या टोकाला सपाट स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि दातकोरणी. ते सपाट टोक मुद्दाम अरुंद ठेवलेलं असतं, त्यामुळे अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेच्या लहान स्क्रूमध्येही तिरकं बसतं. माझ्या चष्म्याचे आणि रिमोटच्या झाकणाचे स्क्रू मी त्यानेच आवळतो. कात्रीची बारीक स्प्रिंग आणि चिमटा सुटे मिळतात, त्यामुळे स्प्रिंग तुटली म्हणून अख्खं अवजार टाकावं लागत नाही. ज्याला अधिकच्या खाचेचे स्क्रू वारंवार लागतात त्याने त्याच घराण्यातला रॅम्बलर बघावा. त्याची जाडी किंचित जास्त, पण वेगळा चुंबकी फिलिप्स ड्रायव्हर मिळतो. हाताची बोटं जाड असतील तर लेदरमनची मायक्रा बघा. तिची कात्री खरोखर मोठी आणि दमदार आहे, मात्र वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास जातं. एवढ्या वजनाची वस्तू मी जुडग्यात न ठेवता बॅगेत ठेवतो.

पक्कड असलेली छोटी मल्टिटूल दिसायला मोहक असतात. पक्कड ही जोर लावायची वस्तू आहे, आणि पाच-सहा सेंटिमीटरच्या दांड्यांवर जोर लावायला तळहाताला जागाच उरत नाही. तुमचा धंदा वायरिंगचा असेल, सायकल रोज चालवत असाल, तर गोष्ट वेगळी. पण मग पूर्ण आकाराची पक्कड बॅगेत ठेवलेलीच बरी.

वजनाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तुमचं अस्तर फाटलं ते वजनानेच. घराची साधी किल्ली दहा-एक ग्रॅमची असते. चार किल्ल्या आणि एक कडी म्हणजे पन्नास ग्रॅम तिथेच झाले. माझी मर्यादा सगळं मिळून शंभर ग्रॅम आहे, आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी ती खरोखर तपासतो. खिशापेक्षा मोठी काळजी गाडीची. किल्ली फिरवून गाडी सुरू होत असेल तर तिला लोंबणारं वजन प्रत्येक खड्ड्याला इग्निशनच्या कुलपाला झटका देतं. २०१४ साली जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा धक्क्याने किल्ली ‘चालू’ स्थितीतून सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीला बाकी काहीही लटकवू नका, असं कंपनीने गाडीमालकांना सांगितलं होतं. दोष स्विचचाच होता, पण तेव्हापासून मी गाडीची किल्ली जुडग्यातून वेगळी काढण्याची सोय केली आणि ती आजतागायत ठेवलीय.

दुसरी वस्तू टॉर्च. फोनमध्ये टॉर्च असताना वेगळा कशाला, असा प्रश्न येईलच. फोन दातांत धरता येत नाही. टेबलाखालची वायर लावताना दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा बोटाएवढा टॉर्च दातांत धरून काम होतं. लिफ्टच्या फटीत किल्ली पडली तर वाकून बघताना फोनही त्याच फटीवर धरायचा, हे मला कधीच पटलं नाही. आणि रात्री उशिरा घरी येताना फोनची बॅटरी तीन टक्क्यांवर असते, अंधारही नेमका तेव्हाच असतो.

इथे लोक ल्युमेनच्या, म्हणजे प्रकाश मोजायच्या एककाच्या, आकड्यांमागे धावतात. कुलपाचं भोक शोधायला पाच ल्युमेन पुष्कळ होतात. हजार ल्युमेनचा झोत पांढऱ्या दारावर मारला तर स्वतःचेच डोळे दिपतात. बघायचं ते एवढंच: सर्वांत मंद प्रकाश किती मंद आहे, आणि खिशात आपोआप सुरू होतो का. उघडं बटण असलेले टॉर्च खिशात दाबले जातात, संध्याकाळी हात घालावा तर बॅटरी संपलेली. डोकं फिरवून लागणारा टॉर्च जास्त भरवशाचा, फक्त तो अर्धा आटा जास्त सैल करून ठेवायचा. बॅटरीचं म्हणाल तर ट्रिपल ए सेलचा टॉर्च घ्या आणि त्यात साधा अल्कलाईन सेल महिनोन्‌महिने तसाच ठेवू नका. तो गळतो, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आटे खाऊन टाकतं आणि टॉर्च उघडत नाही. माझे दोन चांगले टॉर्च असेच गेले. रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल किंवा लिथियमचा ट्रिपल ए सेल गळण्याचा धोका फार कमी करतो. यूएसबीवर चार्ज होणारे चपटे टॉर्च हलके आणि छान असतात. त्यांना महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी चार्जिंगला लावायची सवय मात्र हवी.

तिसरी वस्तू अनेकांना नगण्य वाटेल: बोटाच्या दोन पेरांएवढी छोटी पहार, म्हणजे एका टोकाला चपटी धार असलेली स्टीलची किंवा टायटॅनियमची पट्टी. हिचं खरं काम किल्लीला वाचवणं. आपण सगळेच किल्लीने खोकी फाडतो, डब्याचं झाकण उचकटतो, स्टेपल काढतो. किल्ली पितळेची किंवा निकेल-सिल्व्हरची असते, दोन्ही धातू मऊ. ती वाकते, दाते झिजतात, आणि चिकटपट्टीचा डिंक तिच्यावरून कुलपाच्या पिनांत जाऊन बसतो. मग कुलूप अडखळायला लागतं आणि आपण त्यात तेल ओततो, ज्यावर धूळ आणखी चिकटते. कुलपाला ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडं वंगण द्यावं. आणि खोकी पहारीने उघडावीत. तिला पातं नसल्याने ती कुठेही नेताना कुणी हरकत घेण्याची शक्यताही कमी.

माझं इथेच संपतं: कात्रीवालं अवजार, टॉर्च, पहार. चौथी जागा मी ट्रॅकरला, म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणाऱ्या चकतीला दिलीय, कारण किल्ल्या हरवण्याची भीती मला खरोखर वाटते. ॲपलचा एअरटॅग ११-१२ ग्रॅमचा आहे, सीआर२०३२ या बटण सेलवर साधारण वर्षभर चालतो. घरात लहान मूल असेल तर या सेलकडे गांभीर्याने बघा. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. जुना सेल काढला की लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलाच्या हाताबाहेर ठेवायचा. जुडग्यावर घराचा पत्ता कधीही लिहू नका. लिहायचाच तर फोन नंबर.

आता मी काढून टाकलेल्या वस्तू. गाडीची काच फोडायचं हत्यार चांगलं आहे, पण ते गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी बांधलेलं असावं. शिवाय ते टेम्पर्ड, म्हणजे फुटल्यावर बारीक तुकडे होणाऱ्या काचेवरच चालतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये अशी सहा हत्यारं तपासली तेव्हा लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली काच एकानेही फोडली नाही. तुमच्या गाडीच्या बाजूच्या काचा कोणत्या आहेत ते काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर बघा. त्या हत्याराचं कार्बाइडचं टोक फोनच्या काचेलाही ओरखडे पाडतं. पितळी किल्ली काचेपेक्षा मऊ असते, तिने सहसा काही होत नाही. फोनवरचे बारीक ओरखडे बहुतेक वेळा खिशातल्या वाळूच्या कणांचे असतात, पण कार्बाइड हे काचेपेक्षा कितीतरी कठीण. तरीही माझा सल्ला फोन आणि जुडगा वेगळ्या खिशांत ठेवण्याचाच.

गोळ्यांची ॲल्युमिनियमची डबी लावण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा. खिशातली ऊब आणि हालचाल अनेक गोळ्यांना मानवत नाही. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या तर त्यांच्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायच्या असतात, नाहीतर त्यांची ताकद उतरते. ऐन वेळी निकामी गोळी हातात असणं फार वाईट. शिट्टी मात्र ज्यांना रात्री एकटं यावं लागतं त्यांनी जरूर ठेवावी. आत दाणा नसलेली घ्या, फॉक्स ४० सारखी. दाणा ओला होऊन अडकतो, बिनदाण्याच्या शिट्टीत अडकायला काही नसतंच.

विमानतळावर मी एक चाकू गमावलाय. पहाटेचं विमान होतं, सामान आधीच आत गेलं होतं, आणि जुडग्यात पातं आहे हे मला तपासणीच्या रांगेत आठवलं. तो वडिलांनी दिलेला होता. नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं केबिनमध्ये चालतं. अमेरिकेत २०१३ मध्ये छोट्या चाकूंना परवानगी द्यायची घोषणा झाली आणि त्याच वर्षी ती मागेही घेतली गेली. विमानाचं सोडा, नुसतं रस्त्यावर बाळगण्याचे कायदेही वेगळे: ब्रिटनमध्ये घडीचं, लॉक न होणारं, तीन इंचांपर्यंतचं पातं कारणाशिवाय बाळगता येतं, पण तेच पातं लॉक होणारं असलं की चालत नाही. न्यायालय, परीक्षा केंद्र, सरकारी इमारती यांचे स्वतःचे नियम असतात ते निराळे. तुम्ही वारंवार प्रवास करत असाल तर सरळ बिनपात्याचं अवजार घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचा जेटसेटर त्यासाठीच आहे, कात्री तशीच आणि पातं नाही. आणि ज्या वस्तूत जीव अडकलाय ती जुडग्याला लावूच नका.

आता कडी. अवजारावर लोक विचार करतात, कडी मात्र मिळेल ती वापरतात, आणि वस्तू हरवतात त्या कडीमुळे. दोन वेढ्यांची स्टीलची कडी घ्या. नखाने उघडून सोडल्यावर दोन्ही वेढे पुन्हा घट्ट मिटायला हवेत. फट राहिली तर ती कडी फेकून द्या. छोट्या अवजारासोबत येणारी इवली कडी हा सर्वांत कच्चा दुवा असतो, ती वर्षातून एकदा बदला. मुख्य कडी पंचवीस-तीस मिलिमीटरची ठेवा आणि मध्ये एक झटकन सुटणारा जोड घाला: एका बाजूला किल्ल्या, दुसऱ्या बाजूला अवजारं. गाडी दुरुस्तीला देताना किंवा तपासणीच्या रांगेआधी अवजारांचा भाग एका हाताने सुटतो.

तुमच्याकडचं अकरा कामांचं मल्टिटूल विकू नका. ते ऑफिसच्या खणात ठेवा, तिथे त्याचं वजन कुणाला जाणवत नाही आणि त्यातली पक्कडही कधीतरी कामाला येईल. जुडग्यावर पहिला महिना फक्त कात्रीवालं अवजार लावा. यादी चालू ठेवा. अंधाराच्या ओळी वाढल्या तर टॉर्च घ्या, किल्लीने खोकी फाडल्याच्या ओळी दिसल्या तर पहार. आणि दर दोन महिन्यांनी कात्रीच्या सांध्यात साचलेला खिशातला कापूस दातकोरणीने काढून, कोमट पाण्यात उघड-मीट करून, पूर्ण कोरडं झाल्यावर तेलाचा एक थेंब द्या. कात्री अडकायला लागली की बहुतेक वेळा धार गेलेली नसते, सांध्यात कापूस बसलेला असतो.