बोटाची सूज नक्की कसली?

प्रश्न: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, किमो चालूय. महिनाभर अंगठ्याचं टोक लाल होऊन टम्म सुजलंय, शर्टाचं बटणही लावता येत नाही. नखुरडं म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालं, फरक शून्य. कॅन्सर बोटात जातो का हो?

उत्तर: जातो, पण क्वचितच. हाडांत पसरलेल्या कॅन्सरपैकी हातात येणारा जेमतेम ०.१ टक्का, आणि त्यात सगळ्यात जास्त फुफ्फुसाचाच, तोही बहुतेक बोटाच्या शेवटच्या पेरात, म्हणून तर नखुरडं नाहीतर गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजणं) समजून महिने वाया जातात. आता तिसरा कोर्स नको, आधी साधा एक्स-रे काढा, हाड कुरतडल्यासारखं दिसलं तर बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) लागेल. तसं निघालंच तर रेडिएशननं दुखणं बरंच उतरतं, कधी पेर काढावं लागतं. आणि हो, रिपोर्ट ऑन्कोलॉजिस्टलाच, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच दाखवा, मेडिकलवाल्याला नको.