क्लचचं पेडल खाली जाऊन बसतं, वर येत नाही. क्लचप्लेट बदलावीच लागेल का?

बहुतेक नाही. निदान मी सांगतो त्या तीन-चार गोष्टी बघून होईपर्यंत तरी कोणाला गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी डिझेल आहे. आठ दिवसांपासून पेडल दाबलं की तळाला जाऊन बसतं, बुटाच्या टोकानं उचलून वर आणावं लागतं. लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की मग गिअर पडतो, आणि दारव्ह्याच्या मिस्त्रीनं क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा सेट सांगितला. यातलं "दोन-तीनदा दाबलं की गिअर पडतो" हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे. प्लेट झिजली असती तर पंप करून काही फरक पडला नसता. पंप केल्यावर क्लच जागा होतो याचा अर्थ तुमचा क्लच ब्रेक ऑइलवर चालणारा आहे, आणि त्या ऑइलचा दाब कुठंतरी मरतोय. एक तर आत हवा शिरली आहे, नाही तर सील गेलं आहे.

मी मिस्त्री नाही. घाटंजीकडे शेती आहे, आणि घरी एक जुनी सात सीटर डिझेल गाडी. खताच्या पोत्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं तिच्यातच. २०१९ मध्ये सोयाबीन निघायच्या दिवसांत तिला हाच रोग झाला. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं पेडलला एकदा पाय लावला आणि निकाल दिला, "भाऊ, प्लेट खतम आहे तुमची." दीड दिवस गिअरबॉक्स खाली. साडेआठ हजार रुपये गेले. काढलेली जुनी प्लेट मी हट्टानं मागून घेतली, तर तिच्यावर चांगला जाड थर शिल्लक होता. चौथ्या दिवशी पेडल पुन्हा तळाला. तेव्हा यवतमाळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं बॉनेटही न उघडता आधी माझ्या पायाकडं बघितलं. म्हणाला, "बूट काहून ओला हाय तुमचा?" पाऊस नव्हता. डाव्या बुटाच्या टोकावर तेलकट ओल होती आणि ती पेडलच्या दांडीवरून उतरत होती. मास्टर सिलिंडरचं सील गेलं होतं. सीलचं किट टाकलं आणि काम काही शेकड्यांत झालं. तेव्हापासून ही कामं मी स्वतः शिकलो. तशी वेळच आली माझ्यावर.

आता आत काय चालतं ते थोडं समजून घ्या, मग बघायचं कुठं ते आपोआप कळेल. पेडलच्या मागं, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसवलेला असतो. पेडल दाबलं की तो ऑइल नळीतून खाली ढकलतो. गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो, त्याची दांडी बाहेर येते आणि फोर्क नावाचा दांडा ढकलते. फोर्क बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांना दाबतं, तेव्हा प्लेट सुटते. पाय काढल्यावर पेडल वर येतं ते मुख्यतः प्रेशर प्लेटच्या त्या स्प्रिंगच्या जोरावर, त्याच ऑइलमधून उलटं ढकललं जाऊन. म्हणून ऑइल सीलच्या बाजूनं निसटलं की दोन्ही कामं बिघडतात. प्लेट सुटत नाही आणि पेडलही वर येत नाही.

आता बघायचं. सगळ्यात आधी, हसू नका, पायाखालची चटई. दुकानातून आणलेली जाड रबरी चटई सरकून पेडलखाली अडकते आणि माणूस क्लचला शिव्या देतो. ती काढूनच पुढचं करा.

मग टॉर्च घेऊन डोकं पेडलजवळ न्या. दांडीच्या वरच्या टोकाला, जिथं ती सिलिंडरमध्ये शिरते, तिथं रबराची टोपी असते. ती बोटानं थोडी मागं सारा. ओली असली तर सील गेलं. कधी ओल दिसत नाही तरी सील आतल्या आत ऑइल सोडत असतं. त्यासाठी इंजिन चालू करा, समोर मोकळी जागा ठेवा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि पेडल तसंच दाबून वीस-तीस सेकंद थांबा, दुसरा पाय ब्रेकवर. सुरुवातीला सगळं ठीक आणि हळूहळू गाडी ब्रेकवर जोर करायला लागली, पुढं सरकू बघू लागली, तर दाब गळतोय.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते, आणि बहुतेक ठिकाणी क्लचची नळी ब्रेकपेक्षा वरच्या पातळीला जोडलेली असते. म्हणून ऑइल कमी झालं की आधी क्लच मरतो आणि ब्रेक अजून लागत राहतो. पण ती सूचना समजा, सवलत समजू नका. डबीतलं ऑइल खाली गेलं असेल तर गळती सापडेपर्यंत गाडी बाजाराला नेऊ नका.

त्यानंतर खालचा स्लेव्ह सिलिंडर. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकामागं दगड. नुसत्या जॅकवर उचलून खाली कधीच शिरू नका, खड्डा किंवा उंचवटा शोधा. घरातल्या कोणालातरी पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही स्लेव्हची दांडी बघा. ती साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर झटकन सरकली पाहिजे. अख्खं पेडल दाबूनही दांडी जेमतेम हलली, तर दोष ऑइलच्या बाजूचा, म्हणजे स्वस्तातला. दांडी व्यवस्थित सरकते तरी गिअर खर्रकन वाजतो, तर मात्र मिस्त्रीचं बरोबर असू शकतं. फोर्क, प्रेशर प्लेट, प्लेट, सगळं आतलं. ही एक चाचणी केल्याशिवाय सेटचे पैसे देऊ नका.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बाहेर नसतो, गिअरबॉक्सच्या आतच बेअरिंगसोबत गोल बसवलेला असतो. तो गळला तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून, खालच्या बाजूनं ब्रेक ऑइल ठिबकतं. तिथं मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि उतरवलाच आहे तर प्लेटही बघून घेणं शहाणपणाचं.

सील बदललं किंवा नुसती हवा शिरली असेल तर एअर काढावी लागते. याला दोन माणसं, एक पारदर्शक नळी, एक बाटली आणि निप्पलच्या (स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) मापाचा पाना, बहुतेक वेळा ८ किंवा १० चा. स्लेव्हच्या निप्पलला नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निप्पल अर्धा आटा सैल करायचा. बुडबुडे येतील. निप्पल घट्ट झाला की मगच पेडल सोडायचं, आणि तुमच्या गाडीत ते हातानंच वर उचलावं लागेल.

मी पोराला पेडलवर बसवलं होतं. बजावून सांगितलं होतं की "सोड" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. पाचव्यांदा रस्त्यावरून त्याचा मित्र ओरडला, हा "काय रे" म्हणून वळला आणि पाय उचलला. निप्पल उघडाच होता. नळीतून गुळगुळ आवाज करत हवा आत, आणि अर्ध्या तासाची मेहनत पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा पेडलवर बसणारा माणूस मोबाइल बाजूला ठेवणारा निवडा. मध्येमध्ये डबीत ऑइल भरत राहा. ती एकदा कोरडी झाली की वरून पुन्हा हवा शिरते. बुडबुडे थांबले, ऑइल स्वच्छ यायला लागलं आणि पेडल वरच्या वर कडक लागलं की झालं.

ऑइल कोणतं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. तेच टाका, आणि सीलबंद डबा फोडून टाका. गेल्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा फेकून द्या. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात घरात मीठ ओलं होतं तिथं अर्ध्या डब्याचं काय सांगावं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. नवतप्यात पारा ४५ च्या वर असताना तापलेल्या इंजिनाशेजारी हे जुनं ऑइल मऊ पडतं. सकाळी क्लच ठीक आणि दुपारी पेडल पोचट, अशी तक्रार असली तर आधी ऑइल बदला. मी दर दोन वर्षांनी बदलतो. आणि इंजिन ऑइल, हायड्रोलिक ऑइल, ट्रॅक्टरचं ऑइल, काही म्हणजे काही त्या डबीत टाकू नका. आमच्या शेजाऱ्यानं नाइलाजानं अर्धा कप इंजिन ऑइल टाकलं होतं, सगळी रबरं फुगली आणि ब्रेकही जाम झाला. डबी एकच होती ना. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं.

सील बदलताना सिलिंडर आतून नखानं चाचपून बघा. ओरखडे लागले तर नवं सील महिनाभर टिकेल, पुन्हा गळेल. तिथं पूर्ण सिलिंडरच बदला.

वाचणाऱ्यांत कोणाकडं मारुती ८०० किंवा अल्टो असेल तर त्यात ऑइल नसतं, केबल असते. तिथं पेडल एकदम ढिलं पडलं म्हणजे केबल तुटली, किंवा टोकाचा नट निसटला. केबल तुटायच्या आधी सांगून तुटते. पेडल जड होतं, दाबताना बारीक कटकट जाणवते, कारण आतल्या तारा एकेक करून सुटत असतात. अशी जुनी गाडी लांब नेणाऱ्यानं एक केबल डिकीत ठेवावी. प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल, मात्र दीड-दोन सेंटीमीटरच्या आसपास, तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तसा ठेवा. अजिबात प्ले नसेल तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेट घसरून जळते.

प्लेट खरंच गेली असेल तर ती पेडलमधून बोलत नाही, चढावर बोलते. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी तेवढी पळत नाही. जुलैत काळ्या मातीत फसलेली गाडी हाफ क्लचवर दहा मिनिटं रेटली आणि जळका वास आला, तर तो वास प्लेटचाच. पेडल दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांत, तर रिलीज बेअरिंग.

तोवर गाडी शेतात किंवा आडरस्त्याला अडकली तर घरी आणता येते. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका, समोर कोणी नाही, ना माणूस ना बैल, हे बघा, आणि चावी फिरवा. गाडी दचके देत चालू होऊन पुढं निघेल. दुसऱ्या गिअरला जाताना ॲक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलमध्ये आणा, इंजिनचा आवाज उतरू द्या, मग हलक्या हातानं ढकला. जबरदस्ती केली तर दात खाल्ले जातात. थांबायचं असेल तर ब्रेक दाबा, गिअर काढता आला तर ठीक, नाही तर इंजिन बंद. मी एकदा असा मोकळ्या रस्त्यानं अकरा किलोमीटर आलो आहे. गावातल्या आठवडी बाजारातून हे कोणी करू नये.

डबीत ऑइल कुठंपर्यंत आहे, पेडलजवळची टोपी ओली होती का, आणि स्लेव्हची दांडी किती सरकते, एवढं बघून इथंच लिहा. डाव्या पायाचा बूटही एकदा बघून घ्या.