घरी जायचंय, पण बॅग भरवत नाही

“मॅडम, मी कृतघ्न आहे का?”

मी समुपदेशक. पहिल्याच ऑनलाइन सेशनला, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत, सायलीने हा प्रश्न विचारला. (नाव बदललंय, घरचे काही तपशीलही. बाकीचं तिच्या परवानगीने लिहितेय.) माझ्याकडे पुण्यात रात्रीचे आठ वाजले होते, बाहेर जुलैचा पाऊस. व्हिडिओत तिच्यामागे दुपारी साडेचारचं लख्ख ऊन. जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, ब्लॅक फॉरेस्टला लागून फ्रायबुर्ग हे शहर आहे. तिथलं विद्यापीठ 1457 सालचं. तिथे एका सेमिस्टरसाठी सायली एप्रिलमध्ये गेली होती. मूळची सांगलीची, पुण्यात होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करणारी. तास जुलैअखेर संपणार होते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातलं फ्रँकफर्ट–मुंबई तिकीट आधीच काढलेलं होतं.

आदल्या रात्री आईचा फोन आला होता. आई कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होती. “आता सव्वीस दिवस राहिले,” म्हणाली. सायली “हो ना गं” म्हणाली, फोन ठेवला आणि बाथरूमचा नळ सोडून रडली.

“मला घरी जायचंय, खरंच जायचंय. मार्चपासून आईला मिठी मारली नाही मी. पण ते तिकीट उघडून बघितलं की पोटात गोळा येतो. बाबांनी कर्ज काढून पाठवलं, आणि मला त्यांच्याकडे परत जायचं वाईट वाटतंय. हे कुणाला सांगू?”

ही तक्रार माझ्याकडे वर्षातून दोनदा येते, जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलैत. शब्द वेगळे, गोळा तोच. परदेशी जाताना काय काय वाटेल याची तयारी सगळे करून देतात, विद्यापीठ ओरिएंटेशन घेतं, मावशी लोणच्याची बरणी भरून देते. परत येताना काय वाटेल, हे कुणीच सांगत नाही, कारण घरी येणं म्हणजे आनंदच, त्यात सांगायचं काय! आनंदाशिवाय दुसरं काही वाटलं तर मुलं स्वतःलाच गुन्हेगार ठरवतात.

इथे माझी एक चूक सांगते. ऐकता ऐकता मला वाटलं, कुणीतरी मुलगा असणार. इतक्या वर्षांच्या कामाने अंगवळणी पडलेला तर्क. मी आडवळणाने विचारलं, तिथे कुणाची खास ओळख झाली का. सायली पहिल्यांदा हसली. फ्रायबुर्गच्या जुन्या भागात रस्त्याच्या कडेने वाहत्या पाण्याच्या चिंचोळ्या नाल्या आहेत, बेख्ले म्हणतात त्यांना. चुकून ज्याचा पाय त्या पाण्यात पडेल त्याचं लग्न फ्रायबुर्गच्या माणसाशी होतं, अशी तिथे समजूत. “मॅडम, माझा तीनदा पडला. बूट भिजले, बाकी काही झालं नाही.”

मग मी दुसरी चूक केली. म्हटलं, “अगं, मास्टर्सला परत जाता येईल की.” ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मी जाईन. पण तिथे कोण असणार? लुसिया स्पेनला, मिन-जी कोरियाला, सगळे आपापल्या घरी. फ्रायबुर्ग असेल, आमचं घर नसेल.” (लुसिया आणि मिन-जी या तिच्या घरातल्या मैत्रिणी; ही दोन्ही नावंही बदललेली.) मी वहीत माझंच वाक्य खोडलं. एक्स्चेंजवर गेलेल्या मुलांचं हे दुखणं नेहमीच्या स्थलांतरापेक्षा वेगळं असतं. ते जिथून निघतात ती जागा तशीच राहते, पण ती सगळी माणसं पुन्हा एका टेबलाशी बसणं जवळजवळ अशक्य. कुणी मेलेलं नसतं, कुणी रुसलेलंही नसतं, तरी काहीतरी कायमचं संपतं. अशा दुःखाला भेटायला कुणी येत नाही.

दुसऱ्या सेशनला मी तिला सरळ विचारलं, “निघायच्या तयारीतलं काय काय झालं?” काहीच झालं नव्हतं. जर्मनीतून कायमचं निघताना पालिकेत आपलं नाव काढावं लागतं, आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडायच्या फार तर आठवडाभर आधी किंवा नंतर दोन आठवड्यांत ते होतं. म्हणजे ते अजून व्हायचं नव्हतंच. पण त्याचा फॉर्म, खोलीची डिपॉझिट परत कुठल्या खात्यात घ्यायची, कुकर कुणाला द्यायचा, सगळंच लटकलेलं. तिने कॅमेरा फिरवून खोलीचा कोपरा दाखवला. दोन मोठ्या पिशव्या भरून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. तिथे अशा बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की पैसे परत मिळतात. एरवी सायली दर शनिवारी बाटल्या परत करायची. गेले तीन आठवडे एकही नाही.

“दमलेय,” ती म्हणाली.

“बाटल्या दिल्या की आवराआवर सुरू झाली असं होईल, म्हणून का?”

“असेल.”

आणि त्याच आठवड्यात तिचं लुसियाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. कारण काय, तर तवा. लुसियाने स्टीलच्या उलथन्याने सायलीचा नॉनस्टिक तवा खरवडला. सायली तिला नाही नाही ते बोलली. त्या चार महिन्यांत दोघींनी एकत्र स्वयंपाक केला होता, एकमेकींच्या तापात सूप करून दिलं होतं, आणि आता स्वयंपाकघरात एक आली की दुसरी बाहेर जायची. सायलीने त्या घरातल्या निरोपाच्या जेवणालाही येणार नाही असं कळवून टाकलं. “तशीही ती स्वार्थीच आहे. बरं झालं, आता निघायला सोपं जाईल.”

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की तिला कळलंच नाही. मी तेच तिला परत म्हणून दाखवलं.

निघायच्या आधी भांडण उकरून काढणं हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता तारीख विचारूनच भांडणाचं कारण ऐकते. लग्न होऊन जाणारी मुलगी आदल्या आठवड्यात बहिणीशी अबोला धरते. बदली झालेला माणूस ज्या ऑफिसात दहा वर्षं रमला त्याच्या नावाने बोटं मोडायला लागतो. राग आला की पाय उचलतो, माया असेल तर अडखळतो. फक्त राग विमानात बसेपर्यंतच पुरतो. पुढे घरी येऊन तीन महिन्यांनी तो तवा आठवतो आणि मग फोन करायचीही लाज वाटते. देश बदलत वाढणाऱ्या मुलांवर काम केलेले अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याच्या चार पायऱ्या सांगितल्यात. त्यातली पहिलीच आहे तुटलेलं सांधणं. मग ज्यांनी केलं त्यांना ‘तू माझ्यासाठी हे केलंस’ असं सांगणं, मग माणसांचा आणि जागांचाही निरोप घेणं, आणि शेवटी पुढच्या गावाचा विचार. आपल्याकडचे पालक चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात: आल्यावर प्लेसमेंटचं काय?

मी सायलीला माफी मागायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं की लुसियाचं तिकीट कधीचं आहे. तिला माहीत नव्हतं. त्या रात्री तिने दार वाजवून विचारलं. लुसियाचं तिकीट सायलीच्या चार दिवस आधीचं होतं, आणि तिची बॅगसुद्धा रिकामीच पडलेली. पुढे काय झालं ते सायलीने विस्ताराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बाटल्यांच्या पिशव्या घेऊन गेल्या. दहा युरो पंचाहत्तर सेंट मिळाले, त्याचं आइस्क्रीम खाल्लं.

पण माझ्या मते खरं काम झालं ते तिसऱ्या सेशनला. मी तिला विचारलं, “फ्रायबुर्गमधली एकच गोष्ट आण म्हटलं तर काय आणशील?” मला वाटलं मुनस्टर चौकातला बाजार, ड्राइझाम नदी, असं काहीतरी. ती म्हणाली, “बेलची पट्टी.”

तिथे घराच्या बेलशेजारी आणि टपालपेटीवर राहणाऱ्याचं आडनाव लिहिलेलं लागतं. नाव नसेल तर पोस्टमन टपाल टाकत नाही. एप्रिलमध्ये तिने कागदाच्या पट्टीवर स्वतःचं आडनाव लिहून चिकटवलं होतं. बॉलपेनने, एक अक्षर जरा वाकडं. “मॅडम, घरच्या दारावर आजोबांचं नाव आहे, त्याखाली बाबांचं. होस्टेलला खोली नंबर. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी आलेलं टपाल माझ्या नावाच्या पेटीत पडत होतं. बँकेचं पत्र आलं तरी मला भारी वाटायचं.”

मग बाकीचं आपोआप आलं. रात्री साडेदहाला लायब्ररीतून सायकलवर एकटीने येणं, आणि ‘कुठे आहेस’ असा एकही फोन न येणं. पुण्यात होस्टेलचं दार दहाला बंद. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी आठवडाभराचं सामान स्वतः ठरवून आणणं. डाळ करपली तर करपली, ती स्वतःचीच. सायली गावासाठी रडत नव्हती. त्या गावात जी सायली राहत होती, ती मुंबई विमानतळावर उतरेल की नाही, याची तिला धास्ती होती. आणि ही धास्ती खोटी नव्हती. मी तिला ‘तुझ्यात झालेला बदल कुणी हिरावून घेऊ शकत नाही’ वगैरे म्हटलं नाही, कारण घेतात. होस्टेलचा वॉचमन घेतो, रात्रीचा रस्ता घेतो, प्रेमापोटी घरचेही घेतात.

त्यामुळे आम्ही दोन ढीग केले. जे येणारच नाही, त्याचं रीतसर वाईट वाटून घ्यायचं. रात्रीची सायकल त्यात गेली. जे आणता येईल, त्यासाठी आल्यावर नाही, आत्ताच घरी बोलायचं. स्वतःचं बँक खातं स्वतः बघणं, महिन्याचा हिशेब बाबांना दाखवायचा पण परवानगी मागायची नाही, घरी असताना आठवड्यातून दोन रात्री स्वयंपाक तिचा.

मधेच तिच्या आईचा मला फोन आला. फी त्या भरत होत्या, तेव्हा मी कोण हे त्यांना ठाऊक होतं. “मॅडम, तिला यायचंच नाही काय? फोनवर नुसतं हूं-हूं करते.” सेशनमधलं मी काही सांगू शकत नाही, हे त्यांना सांगितलं. मग एक विचारलं, “तुम्ही लग्न होऊन सांगलीत आलात, माहेर सोडताना सासरी यायचं नव्हतं म्हणून रडलात का?” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, “न्हाई हो. यायचं तर होतंच.” ही उपमा पुरती बसत नाही, मला कळतं. मुलगी माहेरीच येत होती. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या रात्री त्यांनी किती दिवस राहिले ते विचारलं नाही. तिथे काय काय सोडून येतेस ते विचारलं. फोन दीड तास चालला.

सायली आली. पहिला आठवडा पुरणपोळ्यांचा. मग गणपती, पाहुणे, आणि ‘मग, काय काय पाहिलंस?’ हा प्रश्न, ज्याचं उत्तर ऐकायला कुणालाही दोन मिनिटांवर वेळ नसतो. तिसऱ्या आठवड्यात तिचा मेसेज आला: “सगळ्यांवर चिडचिड होतेय. तिथे असं नव्हतं, तिथे तसं नव्हतं, हे मलाच ऐकवत नाहीये आता.” हे मी तिला निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत शिकून आलेल्यांचा अभ्यास करून परदेशातल्या मनःस्थितीचा आलेख इंग्रजी ‘यू’सारखा काढला: आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर. 1963 मध्ये गलहॉर्न या संशोधक दांपत्याने त्याला घरी परतल्यानंतरचा दुसरा ‘यू’ जोडला आणि त्याचा ‘डब्ल्यू’ झाला. सगळ्यांचं मन या रेषेवरून चालत नाही, नंतरच्या संशोधनात ते दिसलंच आहे, आणि मीही आलेख दाखवून कुणाला बरं केलेलं नाही. पण ‘आल्यावर चिडचिड होऊ शकते’ एवढं आधी कानावर पडलेलं असलं, तर मुलं त्या चिडचिडीला घरच्यांचा दोष समजत नाहीत. झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडेच्या आठवडे कशातच लक्ष लागेना, तर मात्र थांबू नये, लगेच समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटावं. सायलीचं तसं झालं नाही. आठवड्यातून एकदा लुसियाशी बोलायची, आणि बुधवार-शनिवारचा स्वयंपाक करायची. बाबांना तिची खिचडी आवडत नव्हती. खायचे.

ऑक्टोबरमध्ये शेवटचं सेशन झालं. फ्रायबुर्गमधल्या तिच्या खोलीत नवी मुलगी आली होती, मिन-जी नावाची ती कोरियन मैत्रीण अजून तिथेच होती, तिने बेलचा फोटो पाठवला. चार नावांत तिसरं आता दुसऱ्याच कुणाचं. “अर्धा तास त्या फोटोकडे बघत होते,” सायली म्हणाली. “मग तो आईला दाखवला.”

तिची जुनी पट्टी तिने निघायच्या दिवशी नखाने हळूहळू सोडवली होती. एक कोपरा फाटला. सांगलीच्या घरी ती आता तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. बाहेरच्या दारावरची पाटी तीच आहे, आजोबांची.