पियानो साथीला की जोडीला?

प्रश्न : फोर्टमधल्या एका छोट्या सभागृहात बहीण-भावाचं वादन ऐकलं. ती व्हायोलिनवर, तो पियानोवर, फ्रांक या पाश्चात्त्य संगीतकाराचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना. पियानो सारखा पुढे येत होता. साथीदारानं सांभाळून घ्यायला नको का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमचा कान पेटीच्या साथीवर पोसलेला, माझाही तसाच. पण या सोनाट्यात पियानो साथीला नाहीच, तो बरोबरीचा आहे. १८८६ साली फ्रांकनं तो व्हायोलिनवादक इझाय याला लग्नाची भेट म्हणून दिला. शेवटच्या भागाची धून पियानोच आधी उचलतो आणि व्हायोलिन तीच धून एक बार, म्हणजे तालाचा एक छोटा खंड, मागून म्हणत येतं. दादरच्या चाळीत माझी ताई गाणं शिकायची, मी पेटी धरायचो. तिनं श्वास घेतला की माझा भाता आपोआप हलायचा. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन आणि त्यांची पियानोवादक बहीण हेप्झिबा यांची ध्वनिमुद्रणं ऐका, तसंच काहीसं कानी पडेल.

एक मात्र खरं : पियानोचं झाकण पूर्ण उघडं असलं, तर लहान सभागृहात व्हायोलिन दबू शकतं. तसं होतं का, आठवून पाहा. असेल तर आयोजकांना जरूर कळवा.